पहिल्या नंबराला बक्षीस ठेवलं तर ऑपरेटर एकमेकांशी कसे वागतील?

तुमचा प्रश्न असा : बेळगावच्या उद्यमबागेत 15 सीएनसी (संगणकाने चालणारी) मशीनं, दोन पाळ्या, 30 ऑपरेटर. महिन्यात सगळ्यात जास्त पीस काढणाऱ्या एकाला 5,000 रुपये द्यायचे, तर माणसं बिघडतील का?

भांडणं होतीलच असं नाही. आधी एकमेकांना सांगणं बंद होतं, आणि मशीन शॉपमध्ये तेच महागात पडतं. 40 मिमीचा एच7 बोर, म्हणजे ठरलेल्या अचूकतेचं भोक घ्या, मापात सूट फक्त 0.025 मिमी. इन्सर्ट (टूलचं कापणारं छोटं पातं) झिजला की बोर लहान येतो, म्हणून पहिल्या पाळीचा ऑपरेटर वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायच्या मशीनमधल्या आकड्यात, 0.03 मिमी वाढवतो आणि न सांगता घरी जातो. दुसऱ्या पाळीवाला इन्सर्टची नवी कड लावतो, आणि पहिलाच बोर मोठा. लहान बोर परत चालवता येतो, मोठा झालेला भंगारात. यात खोडसाळपणा सिद्ध करता येत नाही; तो फक्त बोलला नाही. याशिवाय भोक तपासायचा चांगला प्लग गेज पेटीत जातो, चिप्स (धातूचा कीस) तशाच राहतात आणि सोपे जॉब सुपरवायझरच्या ओळखीवर वाटले जातात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या कामगारांवरच्या 1998 च्या एका अभ्यासात दिसलं, की बढतीची चुरस जास्त तिथे माणसं आपली हत्यारं दुसऱ्याला वापरायला कमी देतात. उलटंही होतं. ब्रिटनमधल्या एका फळबागेत मजुरी इतरांच्या सरासरीशी तुलना करून ठरायची. तिथे मजूर, विशेषतः मित्र जवळ असले की, हात आखडता घ्यायचे. थेट नगावर मजुरी केल्यावर काम निदान 50 टक्क्यांनी वाढलं. तुमच्याकडे येळ्ळूर किंवा कंग्राळीची दोन पोरं एकाच गाडीवरून येत असतील तर ‘या महिन्याला तू, पुढच्या महिन्याला मी’ ठरायला वेळ लागणार नाही. मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही.

मी असतो तर बक्षीस माणसाला न देता मशीनला दिलं असतं, म्हणजे दोन्ही पाळ्यांच्या जोडीला मिळून. आणि नंबर काढलाच नसता. ठरलेली रेघ ओलांडेल त्या प्रत्येक जोडीला 600. सगळी पास झाली तर 9,000 लागतील, 5,000 मध्ये हे बसत नाही. ते परवडत नसेल तर योजनाच नको.

पीस मोजू नका, मिनिटं मोजा. 4 मिनिटांचा जॉब करणारा 110 पीस काढतो, 11 मिनिटांचा करणारा 40. काम दोघांचं 440 मिनिटांचंच, पण पिसांच्या फळ्यावर दुसरा आळशी दिसतो. सेटिंगची मिनिटंही धरा, नाहीतर अवघड सेटिंगला कुणी हात लावणार नाही. 8 तासांतून जेवण-सफाईची 40 मिनिटं वजा केली की 440 उरतात. एका पाळीचं उदाहरण : 90 ओके पीस × 4 = 360, अधिक सेटिंग 45 = 405, म्हणजे 92 टक्के. ओके म्हणजे पुढच्या ऑपरेशनला पास झालेला.

रेघ म्हणजे हीच टक्केवारी; ती त्या मशीनच्या मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीवरून काढा आणि वर्षभर हलवू नका. दर वेळी वर ढकललीत तर माणसं मुद्दाम हळू चालतील. फिक्स्चर (जॉब पकडायचा साचा) किंवा प्रोग्रॅम बदलला तरच नव्याने मोजा.

मशीनपाशी एक वही टांगा : कुठला टूल, किती ऑफसेट, कड कधी बदलली, शेवटच्या पिसाचं माप. नोंद नसेल तर त्या पाळीची मिनिटं धरू नका. स्वतःहून सांगितलेल्या रिजेक्शनचा पीस मोजायचा नाही, पण वर दंडही नको. दंड लावलात की पीस बाकाखाली जाईल.

फळ्यावर हिशेब मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा, नावाऐवजी मशीन नंबरने. आणि हे पैसे कायद्याच्या किमान 8.33 टक्के बोनसमध्ये धरणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. दिवाळीला वाद होतो तो यावरूनच.