पिंजराचे गठ्ठे बांधायचे, पण वाळल्यावरच

तुमच्या चार म्हशी आहेत, उन्हाळी भात मेच्या पहिल्या आठवड्यात कापणीला येईल, आणि यंदा पहिल्यांदाच पिंजराचे (भाताच्या पेंढ्याचे) दाबून गठ्ठे बांधायला बेलर यंत्रवाल्याला बोलवायचं की नेहमीसारखी गंजी रचायची, असं तुम्ही विचारलंय. माझं गाव बेळगावच्या दक्षिणेला, खानापूर रस्त्यावर. गेली काही वर्षं मी दोन्ही करतोय. गठ्ठे जरूर बांधा. जागा कमी लागते, माणसं कमी लागतात, गोठ्यात वैरण नासत नाही. पण बेलरवाला म्हणेल त्या दिवशी नव्हे, पिंजर वाळेल त्या दिवशी.

घाई केल्याचं फळ मी भोगलंय. एका वर्षी हार्वेस्टरनं भात काढून दोन दिवस झाले होते आणि पश्चिमेकडं ढग दाटले. वळीव गाठेल या भीतीनं संध्याकाळी सगळं बांधून घेतलं, शेडमध्ये छतापर्यंत रचलं आणि निश्चिंत झालो. आठवड्यानं शेडमध्ये शिरलो तर तंबाखूसारखा वास. मधला गठ्ठा ओढला, तर आत हात ठेववेना. निम्मे गठ्ठे आतून काळे आणि बुरशीनं पांढरे झाले होते. म्हशींनी तोंड लावलं नाही, ते बरंच झालं.

याचं कारण समजून घ्या. सैल रचलेल्या गंजीतून (आमचे कन्नड शेजारी तिला बणवी म्हणतात) वारा खेळतो, थोडी ओल असली तरी निघून जाते. गठ्ठा दाबून बांधला की ओलीला बाहेर पडायला वाट नसते. आत जिवाणू आणि बुरशी वाढते, त्यांच्यामुळं उष्णता धरते, आणि ओल फारच असेल तर काडी न लावता गठ्ठे पेटतात. पंधरा टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर बांधायला हरकत नाही. वीसच्या वर असेल तर बांधूच नका.

ओल ओळखायला यंत्र लागत नाही. मूठभर पिंजर दोन्ही हातांनी पिळा. काड्या कडकडून मोडल्या पाहिजेत, नुसत्या वळल्या तर थांबा. काडीचं पेर नखानं दाबून बघा, कारण काडी वाळली तरी पेरात ओल राहते. शंका राहिली तर कोरड्या काचेच्या बरणीत पिंजराचे बारीक तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर अजून ऊन हवंय. नमुना शेतात पडलेल्या पिंजराच्या तळातला घ्या, वरचा नको. वरचं नेहमीच वाळलेलं दिसतं.

हार्वेस्टरच्या मागं पिंजराचा जाड पट्टा पडतो, त्यात हिरवे बुडखेही असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उलटा करून पसरा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. कडक उन्हात तीन-चार दिवस पुरतात. मे महिन्यात आमच्याकडं सकाळी पश्चिमेची दमट हवा असते, म्हणून अकराच्या आधी मशीन शेतात उतरवू नका. वळीव पडलाच तर भिजलेलं पिंजर ढिगाला लावू नका. तसंच पसरलेलं राहू द्या, वरची बाजू सुकली की उलटा. रंग उतरेल, थोडा कस जाईल, पण वैरण वाचेल. ढिगात तीही वाचत नाही.

किती लागेल? ऊस कारखाने बंद झाले की वाडं (उसाचे हिरवे शेंडे) संपतं, आणि जून ते सप्टेंबर ओल्या चाऱ्याबरोबर सुकं हवंच. म्हशीला दिवसाला सहा किलो धरा. चार म्हशी, १२० दिवस, म्हणजे २,८८० किलो. नासाडी धरून ३,२०० किलो. गठ्ठा १६ किलोचा भरला तर २०० गठ्ठे. पण वजन बेलरवाल्याच्या तोंडी धरू नका. पहिले पाच गठ्ठे काट्यावर घाला, मगच दर ठरवा. सैल बांधलेला गठ्ठा दिसायला तेवढाच असतो.

शाळूचा (रब्बी ज्वारीचा) कडबा मात्र बेलरमध्ये घालायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या पेंढ्या बांधून उभ्या रचा आणि लागेल तशी कुट्टी करा. पिंजरानं पोट भरतं, दूध त्याच्यावर येत नाही. विहिरीला पाणी असेल तर पुढच्या रब्बीत चार गुंठे ओट करा, निम्मा फुलोरा आला की कापून वाळवा. धारवाडला भारतीय गवताळ प्रदेश आणि चारा संशोधन संस्थेचं केंद्र आहे, कुठली जात घ्यायची ते तिथं विचारा. लसूणघास वाळवणार असाल तर तो सकाळीच उलटा. दुपारी हात लावला की पानं गळतात, आणि सगळा कस पानांतच असतो.

गठ्ठे गोठ्याला चिकटून किंवा विजेच्या तारेखाली रचू नका. खाली दगड मांडून लाकडं टाका, भिंतीपासून हातभर जागा सोडा. ताडपत्री फक्त वरून घाला. चारी बाजूंनी गुंडाळली तर आतून घाम धरतो. पहिले तीन आठवडे रोज एक लोखंडी सळी मधल्या गठ्ठ्यात खुपसून पाव तासानं काढा. हाताला कोमट लागली तर लक्ष ठेवा. धरवत नसेल तर थप्पी मोडायलाच हवी, पण आधी शेजाऱ्यांना हाक मारा आणि पाण्याचा पाईप सुरू करून हातात घ्या. आतल्या तापलेल्या पिंजराला एकदम हवा लागली की ते भडकू शकतं.

आणि सुतळी. हल्ली ती प्लॅस्टिकची असते. म्हस ती वैरणीबरोबर गिळते, ती पोटात साठत जाते आणि म्हस खायची थांबते, तोवर कळत नाही. चौकोनी गठ्ठ्याला दोन सुतळ्या असतात. गठ्ठा सोडला की दोन्ही मोजून गोठ्याबाहेरच्या खिळ्याला अडकवा, मगच वैरण टाका. आमच्या घरी हे काम पोरांकडं दिलंय, ती एकही चुकवत नाहीत.