‘पुढचा लेब्रॉन’ म्हणताहेत, आता काय करू?

शालेय बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या घरून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या अंकात घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

मुलगा १३ वर्षांचा आहे, उंची १७६ सें.मी. आंतरशालेय सामन्यात त्याने ४१ गुण केले. त्याचं रील कुणीतरी टाकलं आणि ते लाखभर लोकांनी पाहिलं. शाळेचे सर त्याला ‘पुढचा लेब्रॉन’ (अमेरिकेतला नामवंत खेळाडू लेब्रॉन जेम्स) म्हणतात. दोन अ‍ॅकॅडम्यांचे फोन आले. यांची उंची १७५, माझी १६२. आनंद होतोय आणि भीतीही वाटतेय. (एक आई, नागपूर)

आधी उंचीचं बघू, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण साडेतेरा-चौदाच्या आसपास. काहींची वाढ दोन वर्षं आधीच होऊन जाते. मिसरूड फुटलंय, आवाज घोगरा झालाय आणि गेल्या सहा महिन्यांत वाढ मंदावलीय, असं असेल तर तुमचा मुलगा त्यांतला असू शकतो. अंदाजासाठी बालरोगतज्ज्ञ एक सोपं गणित वापरतात. आई-वडिलांची उंची मिळवायची, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे (मुलगी असेल तर वजा करायचे) आणि दोनाने भागायचं. तुमच्याकडे उत्तर येतं १७५, आणि त्यात साडेआठ सें.मी. इकडे-तिकडे. म्हणजे तो १८३ पर्यंत जाईलही, पण आज जी मुलं त्याच्या खांद्याला लागतात ती सतराव्या वर्षी त्याच्या बरोबरीची झालेली असतील.

खरी अडचण इथे आहे. उंच म्हणून त्याला बास्केटखाली उभं करतात, चेंडू वरून देतात, तो वळून टाकतो. ४१ गुण असेच होतात. ड्रिबलिंग दुसरा करतो, खेळ तिसरा वाचतो. सोळाव्या वर्षी उंचीचा फायदा संपला की हातात काहीच उरत नाही, आणि लोक म्हणतात ‘मुलगा वाया गेला’. तो वाया गेलेला नसतो, त्याला शिकवलेलंच नसतं.

सरांना भेटून एवढंच मागा: प्रत्येक सरावात २० मिनिटं त्याला गार्डचं, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्याचं काम द्या. डाव्या हाताने ड्रिबलिंग, दबावाखाली चेंडू पुढे नेणं, धावत्या खेळाडूला पास. सामने हरले तरी चालेल, असं तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगा. ते वाक्य पालकांकडून आलं की प्रशिक्षकाचा जीव हलका होतो. घरी दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलीने उंचीची खूण करून तारीख घाला. झपाट्याने वाढीच्या महिन्यांत मुलगा अवघडल्यासारखा खेळतो, सोपे चेंडू सुटतात. हातपाय लांब झालेले असतात आणि मेंदूला त्यांचा नवा हिशेब लागायचा असतो. त्या काळात त्याला ‘कौतुक डोक्यात गेलं’ असं कुणी म्हणू नये.

लेब्रॉनचं म्हणाल तर १८ फेब्रुवारी २००२ च्या ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर तो आला तेव्हा १७ वर्षांचा होता, ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये शाळेत शिकत होता. ‘नियतीने निवडलेला’ अशा अर्थाचं शीर्षक होतं. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एनबीएतल्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या) पहिल्या सामन्यात त्याने २५ गुण केले, ते सर्वांना आठवतं. त्याच सामन्यातले ९ असिस्ट, म्हणजे ज्यांवर सहकाऱ्याने बास्केट केली असे पास, कुणी सांगत नाही. शाळेपासूनच तो पास देणारा खेळाडू होता. त्याच्या दोन वर्षं आधी, २००१ मध्ये, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत) शाळेतून थेट पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला क्वामी ब्राउन पहिल्या मोसमात सरासरी साडेचार गुणांवर राहिला. पुढे तो १२ मोसम एनबीएत टिकला, तरी त्याचं नाव आजही फसलेल्या निवडीचं उदाहरण म्हणून घेतात. १२ मोसम म्हणजे थोडीथोडकी कारकीर्द नव्हे. निवडीच्या दिवशी लावलेल्या मापाने माणूस आयुष्यभर मोजला जातो, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

अ‍ॅकॅडमीवाल्यांना लेखी विचारा: एका प्रशिक्षकामागे किती मुलं? दुखापतीनंतर ‘खेळू नको’ हे कोण ठरवतं? शाळा नियमित की फक्त परीक्षेपुरती? गेल्या दोन वर्षांत किती मुलं सोडून गेली आणि का? शेवटच्या प्रश्नाला जे टाळाटाळ करतील त्यांच्याकडे घाई करू नका.

मुलगी १२ वर्षांची. शाळा, क्लब आणि जिल्हा, तिन्ही संघांत आहे. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, तिथे टेंगूळ आलंय. प्रशिक्षक म्हणतात, वाढीचं दुखणं आहे, खेळत राहा. (वडील, सांगली)

निदान बहुधा बरोबर आहे, सल्ला चुकीचा. वाटीच्या दोन-तीन बोटं खाली नडगीच्या हाडावर एक उंचवटा असतो. मांडीचा मोठा स्नायू तिथे येऊन जोडलेला असतो आणि वाढत्या वयात ती जागा अजून कूर्चेची, मऊ असते. प्रत्येक उडीला स्नायू तिला ओढतो. हाड लांब होतं, स्नायू मागे राहतो, ओढ वाढते. त्यात आपली बहुतेक कोर्टं सिमेंटची.

खेळ पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते, उड्या मोजायची असते. दुखणं शून्य ते दहात विचारा. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी उरत नसेल तर चालेल. त्याच्या वर गेलं तर त्या आठवड्यात उड्या आणि धावण्याच्या शर्यती बंद, शूटिंग आणि ड्रिबलिंग चालू. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा, एक दिवसाआड. गुडघे जितके वाकवून दुखत नाही तितकेच. सरावानंतर बर्फ कापडात गुंडाळून १० मिनिटं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सुजलेला किंवा अडकणारा गुडघा, लंगडणं, मांडी-जांघेत दुखणं यांपैकी काही असेल तर थेट अस्थिरोगतज्ज्ञ. त्या जागी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ देऊ नका.

मूळ दुखणं मात्र तीन संघ हे आहे. प्रत्येक प्रशिक्षक आपल्यापुरता आठवड्याला चार तासच मागतो, पण तिघांचे मिळून बारा होतात. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांनी २०१६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १२ ते १४ वयासाठी आठवड्याला जास्तीत जास्त १० तास, दिवसाला जास्तीत जास्त दोन सामने आणि किमान एक दिवस पूर्ण सुट्टी सांगितली आहे. १४ च्या आत एकाच खेळाला जुंपू नये, असंही त्यात आहे. एका वहीत तिन्ही संघांचे तास लिहा आणि तीच वही तिघांना दाखवा. ‘दुखतंय’ हे मुलीला सांगायला लावू नका. तिला संघातून वगळलं जाण्याची भीती असते, म्हणून ते तुम्हीच सांगा.

आणखी एक, कारण पुढची तीन-चार वर्षं तिच्यासाठी जोखमीची आहेत. वयात आल्यानंतर मुलींमध्ये गुडघ्याचा पुढचा क्रुशिएट लिगामेंट (आतून हाडं बांधून ठेवणारा पट्टा) फाटण्याचं प्रमाण मुलग्यांपेक्षा कित्येक पट असतं, आणि बहुतेक वेळा ते कुणाची धडक न लागता, उतरताना किंवा वळताना घडतं. हे दुखणं शमलं की साधारण ३० सें.मी. उंच पायरीवरून दोन्ही पायांवर उतरायला लावा आणि समोरून मोबाइलवर चित्रण करा. गुडघे आत एकमेकांकडे झुकतात का? पाय ‘धप्प’ वाजतात का? आवाज न करता, गुडघे पावलांच्या रेषेत ठेवून उतरणं, पाचाचे तीन संच, आठवड्यातून तीनदा सरावाआधी. पंधरा मिनिटांत होतं, पण मोसमभर सोडायचं नाही.

माझं वय १६. राज्य संघात निवड झाली, पेपरात फोटो आला. तेव्हापासून सामन्याआधी उलटी होते, फ्री थ्रो (फाउलनंतर रेषेवरून मिळणारे मोकळे शॉट) बसत नाहीत. सरावात दहातले आठ जातात. खाली लोक लिहितात ‘ओव्हररेटेड’. (पुणे)

तुझा हात बिघडलेला नाही, हे सरावातले आठ सांगताहेत. सामन्यात तू हाताकडे लक्ष द्यायला लागलास. जी हालचाल आपोआप व्हायची तिच्यावर देखरेख सुरू झाली की ती अडखळते.

त्यासाठी ठरलेला क्रम लागतो. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात चेंडू हातात आल्यावर पाच सेकंद मिळतात, तेवढ्यात बसेल असा कर: पाय रेषेशी, दोन टप्पे, तोंडाने एक लांब उच्छ्वास, नजर रिंगच्या पुढच्या कडेवर, शॉट. दरवेळी हेच, घरच्या अंगणातसुद्धा. आणि ओळीने शंभर फ्री थ्रो मारणं थांबव. सामन्यात तसे कधीच मिळत नाहीत. कोर्टाच्या दोन फेऱ्या पळ, धाप लागलेली असताना दोनच मार, पुन्हा पळ. असे दहा वेळा, वहीत नोंद कर. तीन आठवड्यांनी वही उघडून बघ.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत फोन घरच्यांकडे दे. अकाउंट ताई-दादा कुणाकडे तरी सोपव, अनोळखी लोकांच्या कॉमेंट बंद करायला सांग. सामन्याआधी तीन तास जेवण, नंतर फक्त केळं आणि पाणी.

उलट्या थांबल्या नाहीत, झोप उडाली किंवा खेळाबाहेरही जीव घाबरायला लागला, तर डॉक्टरांकडे जायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. २०१८ मध्ये डीमार डीरोझनने नैराश्याबद्दल आणि केव्हिन लव्हने सामन्यात आलेल्या पॅनिक अटॅकबद्दल जाहीरपणे सांगितलं, तेव्हा दोघेही एनबीएतले नावाजलेले खेळाडू होते. रिकी रुबिओ चौदाव्या वर्षी स्पेनच्या मुख्य लीगमध्ये उतरला होता. २०२३ मध्ये त्याने मानसिक आरोग्यासाठी खेळ थांबवला. हे लोक कच्चे नव्हते. तूही नाहीस.

आई-बाबांना हा परिच्छेद वाचायला दे: घरी परतताना गाडीत सामन्याचा विषय त्याने काढला तरच काढा.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा आठवीत आहे, एका यादीत त्याचं रँकिंग आलंय. क्लबवाले म्हणतात, आठवी पुन्हा करा म्हणजे एक वर्ष मोठा होऊन खेळेल.

आठवीतल्या मुलांच्या याद्या बहुतेक शिबिरांवर चालतात. जो जातो तो दिसतो. वर्ष मागे ठेवण्याआधी जन्मतारीख तपासा: १ सप्टेंबरपूर्वी १९ पूर्ण झाले तर त्या वर्षी तुमच्या राज्यात शाळेकडून खेळता येत नाही. एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या) पहिल्या विभागासाठी १६ मुख्य विषय लागतात, त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी, आणि त्यांत चारपैकी किमान २.३ ग्रेड-सरासरी. घड्याळ नववीपासून चालू होतं. कुणाही एजंटशी तोंडी ‘हो’सुद्धा म्हणू नका. लेनी कुक २००१ मध्ये देशातल्या शाळकरी खेळाडूंत अगदी वरच्या क्रमांकावर होता. त्याच उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या एका शिबिरात धाकटा लेब्रॉन त्याच्यापेक्षा सरस ठरला. २००२ च्या ड्राफ्टमध्ये कुकला कुणीही घेतलं नाही आणि कॉलेजचा रस्ताही बंद झालेला होता.

अ‍ॅकॅडमीत पावडर घ्यायला सांगतात. द्यावी का? (नाशिक)

नको. दूध, अंडी, डाळ, उसळ, शेंगदाणे पुरतात. पंजाबच्या बल्लो के गावातला सतनाम सिंग भामरा २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर एनबीएत निवडला गेलेला पहिला भारतीय. एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही, आणि पुढे चाचणीत हायजेनामाइन हा बंदी असलेला पदार्थ सापडल्यामुळे त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. हा पदार्थ वजन घटवण्याच्या आणि दमसासाच्या पूरकांत आढळतो, कधी डब्यावर वेगळ्याच वनस्पतीच्या नावाखाली. डॉक्टरांनी काही लिहून दिलंच तर ‘नाडा’च्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीशी ताडून बघा, आणि डबा संपला तरी लेबल व पावती जपून ठेवा.