परार्धानंतर मराठीत नावं नाहीत का? मोठ्या संख्यांना कुठपर्यंत नाव देता येतं?

तुमचा प्रश्न असा : ऐरोलीच्या ऑफिसात मिलियन-बिलियन, घरी लाख-कोटी, मग परार्धाच्या पुढे मराठी गप्प का?

यादी परार्धाला संपते, मोजणं संपत नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अठरा नावं आहेत : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. प्रत्येक पायरी दहापट, म्हणून परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं.

पण अब्जाच्या पुढची नावं व्यवहारात वापरू नका. आपला खर्व म्हणजे १० शून्यं आणि हिंदीतला खरब म्हणजे ११. आपलं महापद्म १२ शून्यांचं, हिंदीतलं पद्म १५ शून्यांचं. शुक्ल यजुर्वेदातल्या यादीत तर परार्धच १२ शून्यांवर येतो. इंग्रजीही यातून सुटलेली नाही. ब्रिटिश सरकारने १९७४ साली बिलियन अधिकृतपणे ९ शून्यांवर आणला, जर्मनीत तो आजही १२ शून्यांचा आहे.

रोजच्या कामाला एवढं पुरतं : मिलियन पहिला, बिलियन दुसरा, ट्रिलियन तिसरा. क्रमांकात एक मिळवा, तिनाने गुणा, शून्यं मिळाली. त्यातून कोटीची ७ वजा करा. ट्रिलियनची १२ वजा ७, उरली ५, म्हणजे लाख कोटी. अर्थसंकल्पात हेच बोलतात, 'महापद्म' कुणी म्हणत नाही. १४ शून्यं झाली की कोटी कोटी, २१ झाली की कोटी कोटी कोटी. रसायनशास्त्रात कण मोजायला वापरतात ती ॲव्होगाड्रो संख्या या हिशेबाने सुमारे ६०२ कोटी कोटी कोटी. कानाला विचित्र वाटेल, पण चूक होत नाही.

चुका होतात त्या एककात. धरणाचा साठा दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये देतात आणि शहराचा पुरवठा एमएलडीत, म्हणजे रोजच्या दशलक्ष लिटरमध्ये. दोन्हीकडे दशलक्ष दिसतं, पण एक दलघमी म्हणजे १००० दशलक्ष लिटर. नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाची क्षमता सुमारे १९० दलघमी, म्हणजे १९,००० कोटी लिटर. मिलिलिटरला २० थेंब धरले तर भरलेल्या धरणात ३८ कोटी कोटी थेंब. हे अंत्याच्या घरात येतं. परार्ध गाठायला अशी आणखी पंचवीसेक धरणं लागतील!

आता खरी मर्यादा. गुगोलप्लेक्स म्हणजे एकावर एक गुगोल शून्यं, आणि गुगोल म्हणजे एकावर शंभर शून्यं. नाव एका शब्दाचं, पण ही संख्या पूर्ण लिहिता येणार नाही, कारण दृश्य विश्वात अणू अंदाजे एकावर ८० शून्यं इतकेच आहेत. तिला छोटं नाव मिळालं ते तिच्या रचनेला साधा नियम आहे म्हणून. बहुतेक संख्यांना तसा नियम नसतो. समजा रिकामी जागा धरून शंभर चिन्हं आहेत आणि नाव जास्तीत जास्त शंभर चिन्हांचं. अशी नावं फार तर एकावर २०० शून्यं इतकी. २०१ पर्यंत अंकांच्या संख्या मात्र याच्या दहापट. म्हणजे त्यातल्या दहापैकी किमान नऊ संख्यांना असं छोटं नाव मिळूच शकत नाही, मग भाषा कोणतीही घ्या. चिन्हं वाढवून फक्त सीमा पुढे सरकते.

इथे एक खोड निघते. 'शंभर चिन्हांत ज्या संख्येचं नाव बसत नाही अशी सर्वांत लहान संख्या' हे वर्णन स्वतःच शंभर चिन्हांत बसतं! हाच बेरीचा विरोधाभास. 'नाव' म्हणजे काय हे मोकळं सोडलं की तो उभा राहतो. कोणती अक्षरजुळणी कोणती संख्या दाखवते याचे नियम आधी पक्के केले, तर 'नाव बसत नाही' हे त्या नियमांच्या आत सांगताच येत नाही, त्याला बाहेरची भाषा लागते.