कॅनडाच्या उत्तरेत, इन्युइट या मूळ रहिवाशांच्या गावांमध्ये शिक्षकाची नोकरी कशी असते? पगार भरपूर आणि काम कमी, हे खरं का?

पगार चांगला आहे. उत्तरेत राहण्याचा भत्ता वेगळा मिळतो. सामानासकट घर मिळतं, त्याचं भाडं पगारातून कापतात. उधळपट्टी केली नाही तर पैसे साठतात. तुमच्या प्रश्नाचा हा भाग इथेच संपला.

दुसरा भाग मात्र मला झोंबला. "तिथली मुलं फारशी शिकत नाहीत, त्यामुळे शिक्षकावर ताण नसतो असं ऐकलं" असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही कोणाकडून ऐकलंत ते माहीत नाही, पण मी हे ज्याच्या तोंडून ऐकलं त्याच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. तेव्हा उत्तर लांबणार.

मी आधी ऑन्टॅरिओत शिकवत होते, मग काही वर्षं नुनावुटमध्ये, बॅफिन बेटाच्या उत्तरेकडच्या एका गावात. गावाचं नाव देत नाही. हजार-बाराशे लोकवस्ती, नाव दिलं की पुढचं कोणाबद्दल आहे ते तिथल्या शेंबड्या पोरालाही कळेल. नुनावुट हा प्रदेश १९९९ मध्ये वेगळा झाला. आकाराने महाराष्ट्राच्या सहापट, लोक चाळीस हजारांच्या आसपास, गावं २५, आणि या गावातून त्या गावात जाणारा रस्ता एकही नाही. विमानाने जा, नाहीतर बर्फावरून स्नोमोबिलने. उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की मॉन्ट्रियलकडून जहाज येतं. वर्षभराचा तांदूळ, तूरडाळ, गव्हाचं पीठ मी त्यातूनच मागवायचे. हिंग विसरला तर पुढच्या वर्षापर्यंत बिनहिंगाची आमटी. पाणी टँकर घरातल्या टाकीत भरून जातो, सांडपाणी दुसरा टँकर ओढून नेतो, आणि हिमवादळ तीन दिवस टिकलं तर दोन्ही बंद. हे सगळं सवयीचं होतं, त्याचं फार कौतुक करू नका. गावात दुकान असतं, नेट असतं, फक्त कोबी सोन्याच्या भावाने मिळतो.

आता ते भांडण.

माझ्याबरोबर त्याच ऑगस्टमध्ये दक्षिणेतून एक शिक्षक आला होता. ('दक्षिण' म्हणजे तिथल्या बोलण्यात उरलेला सगळा कॅनडा.) हसतमुख, गळ्यात कॅमेरा, पहिल्या महिन्यात गावातल्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढून झालेला. त्याच्याकडे सातवी होती. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य मावळला, तो जानेवारीच्या अखेरीपर्यंत उगवायचा नव्हता, आणि हा गृहस्थ दिवसेंदिवस चिडचिडा होत गेला. डिसेंबरमध्ये शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मला म्हणाला, "यांना गणित येणारच नाही. यांच्या संस्कृतीतच ते नाही. एक, दोन, तीन आणि 'पुष्कळ', संपलं." समोर आमची एक स्थानिक शिक्षिका बसली होती. ती इन्युक (म्हणजे इन्युइटांपैकी एक), माझ्याहून वयाने मोठी, आणि खरं तर शाळा तिच्या जिवावर चालायची. तिने कप धुतला आणि ती तासावर गेली. मी त्याच्याशी वाद घातला. तो म्हणाला, तू नवीन आहेस, कळेल तुला. जसा काही हा तिथे जन्मला होता!

नाताळच्या सुट्टीला गेला तो परतलाच नाही. मुख्याध्यापकांना ईमेल केला म्हणे. असं दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावात होतं, त्यामुळे कोणाला धक्का बसला नाही. सातवी माझ्या वर्गाला जोडली.

त्याने प्रत्येक मुलाबद्दल शेरे लिहून ठेवले होते. निम्म्या पोरांपुढे एकच वाक्य: 'विचारलं तर उत्तर देत नाही.' मी पहिल्याच दिवशी एका मुलीला विचारलं, गृहपाठ कळला का? ती गप्प, पण दोन्ही भुवया वर गेल्या. तिकडे भुवया वर म्हणजे 'हो', नाक मुरडलं म्हणजे 'नाही'. म्हणजे ही पोरं ऑगस्टपासून याला उत्तरं देत होती, आणि हा वहीकडे बघत 'उत्तर देत नाही' असं लिहीत बसला होता. चार महिन्यांत कोणाला विचारलं असतं तरी कळलं असतं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं.

तर तो वर्ग. दुपारी बाराला बाहेर रस्त्यावरचे दिवे लागलेले, वर्गात निम्म्या पोरांच्या डोक्यावर टोप्या ओढलेल्या, काही जण सरळ बाकावर डोकं ठेवून. आणि सगळ्यांत आधी प्रश्न आला तो मलाच: "तू कधी जाणार?" त्यात उद्धटपणा नव्हता, गाडी कितीला आहे असं विचारावं तसं विचारलं. त्या पोरांनी पहिलीपासून इतके शिक्षक येता-जाताना पाहिले होते की जूनमध्ये जाणाऱ्या माणसासाठी डोकं का शिणवायचं, हा हिशेब त्यांनी केव्हाच करून टाकला होता. गणित येत नाही म्हणे!

पुढचं श्रेय माझं नाही, त्या स्थानिक शिक्षिकेचं. मी भागाकार घेऊन आठवडाभर डोकं आपटल्यावर ती माझ्या तासाला आली, फळा पुसला आणि रेघा काढायला लागली. इन्युइट मोजणी विसाच्या पटीत चालते: हातापायांची सगळी बोटं झाली की एक माणूस पुरा, म्हणजे वीस. १९९४ मध्ये अलास्कातल्या काक्तोविक गावच्या शाळकरी मुलांनी या मोजणीसाठी स्वतःचे आकडे बनवले. खाली उभ्या-तिरप्या रेघा म्हणजे एकं, वर आडव्या रेघा म्हणजे पाच-पाच. शून्याचं चिन्ह हात एकमेकांवर टाकल्यासारखं. २०२२ पासून हे आकडे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीतही आहेत. तिने अठरा काढले: वर तीन आडव्या, खाली तीन उभ्या. शेजारी सहा काढले: वर एक, खाली एक. काही बोलली नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्यापुढे शेरा होता 'अजिबात लक्ष नाही', टोपी न काढता पुढे आला. अठरातली एक आडवी आणि एक उभी यांच्याभोवती त्याने गोल केला, मग दुसऱ्या जोडीभोवती, मग तिसऱ्या. अठरा भागिले सहा, तीन. पाढा नाही, उसनं घेणं नाही. उत्तर आकड्यातच काढून ठेवलेलं. मग मागून कोणीतरी त्यांच्या भाषेत, इनुक्टिटुटमध्ये काहीतरी ओरडलं, वर्ग हसला, आणि तो पुढचं उदाहरण मागायला लागला.

मला लगेच माझी आजी आठवली. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण गोवऱ्या विसांनी मोजायची, "तीन विसा नि चार", आणि एका गोवरीची चूक नाही. बाबा नंदुरबारमधल्या धडगावकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पावरा आदिवासी मुलं घरी पावरी बोलत आणि शाळेत पुस्तक मराठी, तर तपासणीला आलेले साहेब शेरा मारून जायचे, 'विद्यार्थी मंद'. फोनवर हा किस्सा सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, साहेब तिकडेही बदलून गेले वाटतं.

त्या दिवसापासून वर्ग सुधारला वगैरे मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी वादळाने शाळा बंद होती आणि नंतरच्या आठवड्यात दोघं पुन्हा बाकावर झोपले. मी होते तेव्हा बारावीच्या परीक्षा अल्बर्टा प्रांताच्या वापरायचे, तिथे या आकड्यांना कोणी विचारत नव्हतं. पण 'यांना येणारच नाही' हे विधान त्या तासाला माझ्यापुरतं निकालात निघालं.

मुलं शाळा सोडतात हे खरंच आहे. २००६ मध्ये माजी न्यायाधीश थॉमस बर्जर यांनी केंद्र सरकारला अहवाल दिला, त्यात चारातली तीन मुलं शालांत शिक्षण पुरं करत नाहीत असं स्पष्ट आहे. कारणही तिथेच आहे: पहिली काही वर्षं इनुक्टिटुट, आणि मग भाषा पक्की व्हायच्या आत एकदम इंग्रजी, तीही दक्षिणेतून आलेल्या आमच्यासारख्यांकडून. २००८ च्या शिक्षण कायद्याने २०१९-२० पर्यंत बारावीपर्यंत दोन्ही भाषांत शिक्षण देऊ म्हटलं. २०२० मध्ये कायदा बदलून मुदत २०३९ पर्यंत ढकलली, आणि पुढच्या वर्षी इन्युइटांची संघटना, नुनावुट टुनगाविक, सरकारविरुद्ध कोर्टात गेली. स्थानिक शिक्षक पुरेसे नाहीत म्हणून मुदत ढकलली, असं कारण देतात. पण स्थानिक शिक्षक तयार व्हायचे तर आधी त्यांनी बारावी पास व्हायला हवं ना!

आणि आजी-आजोबांची पिढी शाळेपासून लांब राहते, त्याला इतिहास आहे. चेस्टरफील्ड इन्लेटसारख्या ठिकाणच्या निवासी शाळांत मुलं आईबापांपासून तोडून ठेवली, आपली भाषा बोलली तर शिक्षा, आणि अत्याचार झाले ते वेगळेच. सरकारने २००८ मध्ये माफी मागितली, पोप फ्रान्सिस २०२२ मध्ये नुनावुटच्या राजधानीत, इकालुइटला येऊन माफी मागून गेले. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी त्याला रोज शाळेपर्यंत आणायची, पण दाराच्या आत पाऊल टाकायची नाही. थंडी उणे तीस असली तरी बाहेरच. पालकसभेला कोणी येत नाही म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

तो गावात होता तेव्हा जुन्या हजेरीपटावरून माझा त्या गृहस्थाशी आणखी एक वाद व्हायचा. वसंतात दिवस मोठे झाले की कुटुंबंच्या कुटुंबं बर्फावर तंबू ठोकून राहतात, सील मारतात, बर्फाला भोक पाडून 'चार' नावाचा मासा धरतात. पोरं महिनाभर गायब. त्याचं म्हणणं, ही सरळ दांडी. माझं म्हणणं, गावच्या निवडून दिलेल्या शिक्षण समितीला वेळापत्रक हलवता येतं, मग मे महिन्याचा हट्ट कशाला? आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत शाळेत पट किती असतो ते कोणाही गुरुजींना विचारा.

तर तुम्ही जावं का? एका वर्षासाठी, पैसे आणि उत्तरध्रुवीय प्रकाशाचे फोटो मिळवायला जाणार असाल तर कृपा करून जाऊ नका. आपल्याकडे 'अवघड क्षेत्रात' तीन वर्षं काढायची आणि सोयीची बदली मागायची, तसला हिशेब करणारे तिथेही ढिगाने आहेत, तुमची भर नको. निदान दोन वर्षं राहायची तयारी असेल, जेवणाचे नखरे कमी असतील आणि गावातल्या बायकांबरोबर जमिनीवर बसून पुठ्ठ्यावरचा गोठलेला मासा खायची लाज वाटत नसेल, तर जा. शाकाहारी असाल तरी जमतं, फक्त नाही म्हणताना तोंड वाकडं करू नका.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. हे काम सगळ्यांना झेपत नाही, आणि न झेपणं हा गुन्हाही नाही. तरुण मुलांच्या आत्महत्यांचं प्रमाण तिथे उरलेल्या कॅनडापेक्षा कितीतरी जास्त आहे. आज ज्याची वही तपासली त्याच्या घरी उद्या भेटायला जायची वेळ शिक्षकावर येते, त्याची तयारी कुठल्याही बी.एड.मध्ये होत नाही. शिक्षकांना घर मिळतं आणि शेजारी दहा-दहा माणसं तीन खोल्यांत राहतात, त्याचाही राग गावात असतो, आणि तो रास्त आहे. जोडीदार बरोबर असेल तर त्याला तिथे काय काम मिळेल ते आधी बघा.

तो गृहस्थ हे वाचत असेल तर म्हणेल, तूही सोडलंसच की. हो, सोडलं. सासूबाईंचं आजारपण होतं. पण वर्ष पुरं करून, जूनमध्ये, मुलांना मार्चपासून सांगून सोडलं, आणि नव्या शिक्षिकेसाठी शेरे लिहिले त्यात पहिल्याच ओळीत भुवयांचं लिहिलं.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतातल्या बी.एड.वर थेट कोणी बोलावेल या भ्रमात राहू नका. आधी कॅनडात काम करायचा परवाना आणि तिथलं शिक्षक प्रमाणपत्र मिळवा. शाळा ऑगस्टमध्ये सुरू होतात, तेव्हा जाहिरातींवर वसंतापासूनच लक्ष ठेवा. आणि अर्जात निकालाचे टक्के नंतर लिहा, एका शाळेत सलग किती वर्षं टिकलात ते आधी.