महिला फुटबॉलला प्रेक्षकच नसतात आणि बायकांची कॉमेंट्री ऐकवत नाही, यात तथ्य किती?

प्रेक्षकांचं आधी. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' विरुद्ध सेंट हेलेन्स या महिला संघांच्या सामन्याला सुमारे 53,000 लोक होते, हजारो बाहेर ताटकळले. वर्षभरात, डिसेंबर 1921 मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 'हा खेळ स्त्रियांना योग्य नाही' म्हणत आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. म्हणजे आधी दुकान बंद पाडायचं, मग गिऱ्हाईक नाही म्हणायचं! 2022 च्या महिला युरो (युरोपीय स्पर्धा) फायनलला वेम्ब्लीवर 87,192 प्रेक्षक होते.

कॉमेंट्रीचं म्हणाल तर 2018 च्या पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये विकी स्पार्क्सने पोर्तुगाल-मोरोक्को सामन्याची कॉमेंट्री केली. ब्रिटिश टीव्हीवर पुरुषांच्या वर्ल्ड कपची लाइव्ह कॉमेंट्री करणारी ती पहिली बाई. माजी खेळाडू जेसन कंडी म्हणाला, नव्वद मिनिटं असा चिरका आवाज नको. नंतर माफी मागितली. पुरुष कॉमेंटेटर गोलला घसा फाडून ओरडतात, ते मात्र चालतं.

आवाज सवयीचा नाही, एवढंच. पण 'बायकांना ऑफसाइड (बचावपटूंच्या पुढे जाऊन पास घेण्याबद्दलचा नियम) काय कळणार' हा निव्वळ आगाऊपणा. 2011 मध्ये लाइनवरची सहायक पंच सियान मॅसीबद्दल स्काय स्पोर्ट्स वाहिनीचे दोघे तेच बोलले. अँडी ग्रेची नोकरी गेली, रिचर्ड कीजने राजीनामा दिला. त्या सामन्यातला तिचा ऑफसाइडचा निर्णय रिप्लेमध्ये बरोबर निघाला होता.