बातमीदारी सोडून जनसंपर्कात जाऊ का?

प्रश्न : कोल्हापुरात एका दैनिकात 11 वर्षं महापालिका आणि क्राइम बीट करतोय. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीनं (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यानं) जनसंपर्क अधिकारी म्हणून बोलावलंय. जाऊ का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : जा दादा. मीही 14 वर्षांच्या बातमीदारीनंतर इकडं आले. लिहिण्याची काळजी नको, ते तुमच्या हातात आहे. अवघड असतं ते मालकाला नाही म्हणणं. माझ्या पहिल्याच वर्षी रात्रपाळीला भट्टीजवळ दोन कामगार भाजले. साहेब म्हणाले, "कुणाला काही कळता कामा नये." मी अडून बसले. किती जखमी, कुठल्या दवाखान्यात, खर्च कोण करणार, एवढं चार ओळींत रात्री अकराच्या आत सगळ्या दैनिकांच्या बातमी डेस्कना पाठवलं. सकाळी बातमी आली, पण अफवा एकही नाही. माझी नोकरी त्या चार ओळींवर टिकली, असं मी आजही मानते.

म्हणून पगाराआधी एवढंच विचारा : अडचणीच्या वेळी थेट मालकांशी बोलता येईल ना? मध्ये एचआर, मग मॅनेजर असेल तर नोकरी घेऊ नका. आणि जुन्या सहकाऱ्यांना बातमी थांबवा म्हणून एकदाही फोन करू नका. बिंदू चौकात चहाला मात्र जात राहा.