भूकंपलहरींवरून भूमिगत अणुचाचणीची जागा कशी शोधतात?

पी-लहर, म्हणजे सर्वांत आधी पोहोचणारी भूकंपलहर, प्रत्येक भूकंपमापन केंद्रावर नेमकी कधी पोहोचली, हे मूळ माप. जागा आणि स्फोटाची वेळ अंदाजाने धरायची, प्रत्येक केंद्रावरची अपेक्षित वेळ काढायची आणि फरक किमान होईपर्यंत अंदाज सरकवत राहायचा. स्फोट उथळच असतो, म्हणून खोली बहुधा शून्य धरतात.

घोळ होतो तो वेगाच्या प्रारूपात, म्हणजे जमिनीखाली लहर कुठे किती वेगाने जाते या गृहीतकात. कवचाखाली पी-लहर सेकंदाला सुमारे ८ किमी धावते, त्यामुळे एका सेकंदाची गफलत जागा कित्येक किलोमीटर हलवते. केंद्रे एकाच बाजूला असतील तर आणखी वाईट.

उत्तम उपाय म्हणजे त्याच परिसरातल्या जुन्या स्फोटाच्या नोंदीशी नवी नोंद जुळवणे. वाट जवळजवळ एकच असल्याने प्रारूपातल्या चुका बऱ्याचशा वजा होतात. उत्तर कोरियातल्या पुंग्ये-री इथल्या २००६ ते २०१७ मधल्या सहा चाचण्यांची परस्परांपासूनची अंतरे अशीच बारकाईने काढली गेली.